मैदानाचा दुसरा खांब

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पाइप आहे. आज माझ्या अंगावर पिवळा रंग आहे, डोक्यावर फळी आणि तिला जोडलेले लोखंडी कडे आहे. शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहानशा कॉलेजात, मुलींच्या बास्केटबॉल मैदानाच्या एका टोकाला मी उभा असतो. मला सगळे 'दुसरा' म्हणतात. पहिला समोरच्या टोकाला आहे. तो कारखान्यातून खांब म्हणूनच आला. मी मात्र जमिनीत उतरायला आलो होतो.

माझ्या जन्माविषयी मला फार सांगता येणार नाही. भट्टीचा लाल उजेड आणि पाठोपाठ अंगावर आलेला थंड पाण्याचा मारा, एवढेच आठवते. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते डोळखांबच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका पाड्यावर. त्या पाड्याने वर्गणी काढून बोअर मारायचे ठरवले होते. बोअरच्या तोंडाशी माती ढासळू नये म्हणून आधी एक जाड पाइप उतरवतात. तो पाइप मी.

काय सांगू, त्या दिवशी माझा थाट काही औरच होता! माझ्यासमोर नारळ फोडला, मला हळदकुंकू लावले. पाड्यातली सगळ्यांत वयस्क बाई सकुबाई. तिने माझ्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता तूच बघ रे बाबा." बायका हंडे घेऊनच येऊन बसल्या होत्या. मशीन घरघरू लागले. आधी माती उडाली, मग दगडाचा भुगा, मग नुसतीच पांढरी धूळ. संध्याकाळपर्यंत धूळच उडत राहिली. बायकांनी रिकामे हंडे उचलले आणि त्या घरी गेल्या.

मशीनवाल्याने मला उपसून काढले. पाड्याच्या पैशाचा पाइप म्हणून देवळाच्या बाजूला टाकले आणि तो निघून गेला. दुसरी बोअर मारू तेव्हा कामाला येईल, असे सगळे म्हणाले. दुसरी बोअर काही झाली नाही.

मी तिथेच पडून राहिलो. माझ्यावर शेळ्या चढत. पोरे माझ्यात दगड टाकत. माझे नाव 'कोरडा पाइप' पडले. डोंगरातल्या झऱ्यावरून पाणी घेऊन येणाऱ्या बायका माझ्याजवळून जाताना दुसरीकडे बघत. सुरुवातीला मला फार लाज वाटे. पुढे पुढे मात्र रागच येऊ लागला. पाणी दगडात नव्हते, त्यात माझा काय गुन्हा? मी तर सांगितले तिथे सरळ उतरलो होतो.

पाड्यातल्या भिमाची मुलगी राही तेव्हा लहान होती. माझ्यावर उभी राहून, दोन्ही हात पसरून, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाई. पडली की पुन्हा चढे. माझ्या डोळ्यांदेखत ती वाढली, उंच झाली, शाळा संपवून कॉलेजला गेली. शहापूरच्या वसतिगृहात राहायची आणि सुट्टीत पाड्यावर यायची. ती कॉलेजात काय करते, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. ते मी नंतर ऐकले. खेळून दमलेल्या पोरी माझ्या पायाशी बसून बोलत, तेव्हा तुकड्या-तुकड्याने सगळे कळत गेले.

झाले होते असे. राहीच्या कॉलेजात बास्केटबॉलचे मैदान होते, पण खांब एकच. दुसरा खांब कधीतरी स्नेहसंमेलनाच्या स्टेजच्या आड आला म्हणून काढला आणि मग भंगारात गेला. मुलांना क्रिकेट हवे होते आणि मुलींच्या वाट्याला रांगोळी नि संगीत खुर्ची. त्या वर्षी खेळ शिकवायला माधुरी मॅडम आल्या. त्या आटगावच्या. स्वतः विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्या, पण कॉलेजात त्यांची नेमणूक तासिका तत्त्वावर, म्हणजे पुढच्या वर्षी ठेवतील की नाही याचा भरवसा नाही. त्यांनी मुलींचा संघ काढायचा म्हणून सूचना लावली. बऱ्याच जणी आल्या. पळायला लावल्यावर निम्म्या परत आल्याच नाहीत. उरल्या त्या पाच: राही, स्नेहल, भूमिका, शीतल आणि सोनाली. संघाला लागतात पाचच, त्यामुळे एकीलाही आजारी पडायची सोय नव्हती.

पहिलाच सामना कल्याणला झाला. त्या सामन्याची गोष्ट पोरींना फार दिवस हसून सांगता येत नव्हती. या खेळात अर्धा वेळ झाला की बाजू बदलतात. ज्या कड्यात आधी आपण चेंडू टाकत असतो, ते आता समोरच्या संघाचे होते. पण आमच्या पोरी शिकल्या होत्या एकाच खांबावर. त्यांना सवय एकाच कड्याची. बाजू बदलली आणि भूमिकेच्या हातात चेंडू आला. ती जीव खाऊन धावली आणि तिने नेमका चेंडू टाकला, तोही आधीच्याच कड्यात. गुण मिळाले समोरच्यांना. सगळे प्रेक्षक हसत सुटले. भूमिका तोंड झाकून बाहेर पळाली, तिच्यामागून बाकीच्याही निघाल्या. सामना अर्ध्यावर सुटला.

 परतताना जीपमध्ये भूमिकाच म्हणाली, "मॅडम, चूक माझी हाय. पण एकाच खांबावर शिकलं तर दुसरं काय होणार?"

मॅडम दुसऱ्या दिवशी संस्थेच्या सचिवांकडे गेल्या. त्यांचे नाव साईनाथराव. माणूस कामाचा, कॉलेजची नवी इमारत त्यांनीच उभी केली होती. पण एकदा त्यांच्या मनाने घेतले की ते कोणाचे ऐकत नसत. ते म्हणाले, "पोरी अर्ध्यावर पळून आल्या ना? मग एक खांब पुरे झाला. खरं तर तोही जास्तच आहे. ती जागा मला बसगाड्यांच्या पार्किंगला हवी आहे. ते काम निघेपर्यंत खेळून घ्या."

मॅडमनी हे पोरींना जसेच्या तसे सांगितले.  मग राही म्हणाली, "मॅडम, आमच्या पाड्यावर एक पाइप पडलाय."

पाड्यावर मला मागायला राही एकटीच आली. देवळासमोर सगळे जमले. तिने सांगितले आणि सकुबाई भडकलीच. "तो पाइप पाड्याचा हाय. उद्या दुसरी बोअर मारायची झाली तं काय तुमच्या चेंडूला हात जोडायचं?"

"आजी, त्या उद्याला किती वर्षं झाली?"

भिमाला मुलीचे हे बोलणे आवडले नाही. "राही, गप बस. मोठ्या माणसांत असं बोलतात?"

"बा, आज बोलू दे. पाणी लागलं नाय ते काय ह्या पाइपामुळं? मग त्याला एवढी वर्षं धुळीत कशाला लोळवला? आमाला द्या. आमी त्याला उभा करतो."

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्या बाजूने कोणी बोलले ते तेव्हा पहिल्यांदा.

सकुबाईने राहीकडे निरखून पाहिले. "कल्याणवरनं पळून आलात म्हणं तुमी. सगळ्या पाड्याला ठाव हाय."

राहीची मान खाली गेली. पण ती उठून गेली नाही. "आलो पळून. आता नाय येणार."

"असं सगळेच म्हणतात गो."

"सगळ्यांचं मला काय ठाव? मी माझं सांगते."

 सकुबाई उठली, तिने पदर खोचला आणि भिमाला म्हणाली, "बघत काय ऱ्हायलास? धर त्या टोकाला. तुझी पोर काय ऐकायची नाय."

राहीचा चुलतभाऊ किशोर आपल्या टेम्पोतून भेंडीचे क्रेट बाजारात नेत असे. त्याने मला क्रेटांच्या वर बांधले आणि घाट उतरवून मुरबाडला सुनिलच्या वेल्डिंगच्या दुकानात आणून टाकले. सुनिलने मला आडवे-उभे ठोकून पाहिले. खांबाचे वरचे टोक मैदानाकडे वाकवायचे होते. त्याने सगळे उपाय करून पाहिले, मग घाम पुसत तिथे आलेल्या माधुरी मॅडमना म्हणाला, "मॅडम, हा वाकायचा नाय. जाड हाय लय." मला ते वाक्य फार आवडले. शेवटी त्याने मला तसेच सरळ ठेवले आणि माझ्या डोक्याला लोखंडी पट्ट्यांचा एक हात जोडला. त्या हाताला फळी आणि फळीला कडे. गंज घासून काढला, पिवळा रंग मारला. माझा मलाच मी ओळखू येईना.

कॉलेजात खड्डा खणला तो पोरींनीच. शीतलच्या घरची शेती, पहार तिच्या हातात खेळण्यासारखी चाले. खड्डा गुडघ्याएवढा झाला नाही तोच एक कारकून धावत आला. परवानगी कोणाची, असे विचारू लागला. मॅडम म्हणाल्या, "खेळाच्या मैदानात खेळाचा खांब लावायला कसली परवानगी?" कारकून गेला आणि साईनाथराव स्वतः आले.

"मॅडम, तुम्ही तासिका तत्त्वावर आहात. विसरू नका."

"विसरले नाही साहेब. तासावर आले आहे, आणि आत्ता माझा तासच चालू आहे."

पोरींनी एकमेकींकडे बघितले. शीतलने पहार पुन्हा उचलली. साईनाथराव पाठ फिरवून गेले. त्यांनी मनात काय धरले ते पुढे कळणारच होते.

मला उभे केले, काँक्रीट ओतले. ते पक्के होईपर्यंत पोरी आळीपाळीने पाणी मारत राहिल्या. एवढे करूनही मी किंचित कललो, मुरबाडच्या बाजूला. "ऱ्हाऊ दे," भूमिका म्हणाली, "ह्याच्यावर शिकलो तर सरळ कड्यात डोळे मिटून टाकू."

आणि मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. कॉलेज भरायच्या आधी, सकाळी, पोरी मैदानावर हजर असत. पूर्वी त्या एका खांबाभोवती घुटमळत. आता त्यांना माझ्याकडून पहिल्याकडे आणि पहिल्याकडून माझ्याकडे सारखे धावावे लागे. सुरुवातीला धापा टाकत माझ्यावर येऊन आदळत आणि मला मिठी मारून उभ्या राहत. कट्ट्यावर बसलेली मुले ओरडत, "खो-खो खेळा, खो-खो!" एकदा तर कोणीतरी माझ्या कड्यात फाटकी चप्पल अडकवून ठेवली. सोनालीने ती काढली, सरळ कट्ट्यावर नेऊन ठेवली आणि म्हणाली, "ज्याची असेल त्याने घालावी. एका पायाने घरी जाऊ नका." त्यानंतर चप्पल आली नाही.

घरच्यांचेही सोपे नव्हते. एका सकाळी स्नेहलचा भाऊ हितेश मोटरसायकल घेऊन थेट मैदानात घुसला. "घरी भाताची झोडणी चाललीय, अन् तू इथं चेंडू आपटतेस? चल, बस मागं."

स्नेहल अंगाने बारीक आणि स्वभावाने अबोल. सगळ्यांना वाटले, आता ही जाणार. तिने चेंडू काखेत धरला. "माझ्या वाटचा भात काल झोडून झालाय. दुपारी येऊन तुझ्या वाटचा पण झोडते. आता मोटरसायकल काढ, मैदानात टायरचे वळ उठतात."

 असे उत्तर हितेशने तिच्याकडून कधी ऐकले नव्हते. त्याने गाडी वळवली. मात्र दुपारी ती घरी गेली तेव्हा त्याने तिच्यासाठी झोडायचे काही ठेवले नव्हते, सगळा भात झोडून टाकला होता.

पोरी हळूहळू खेळू लागल्या. जिंकू लागल्या असे मी म्हणणार नाही. कधी हरत, कधी जेमतेम जिंकत. पण मैदान सोडून आल्या नाहीत. पुढच्या हिवाळ्यात विभागाच्या स्पर्धेतला एक सामना मॅडमनी आपल्या मैदानावर मागून घेतला. आता आमच्याकडे दोन खांब होते, नाही म्हणायला कोणाला कारण नव्हते. समोर येणार होता ठाण्याच्या एका मोठ्या कॉलेजचा संघ.

हे कळल्यावर साईनाथरावांनी मॅडमना आणि पोरींना बोलावून घेतले. म्हणाले, "पाहुणे येणार म्हणजे कॉलेजची अब्रू आली. सामना खेळा. पण मागच्यासारख्या अर्ध्यावर सुटलात, तर दुसऱ्या दिवशी दोन्ही खांब काढून टाकीन. मग माझ्याकडे यायचं नाही."

राहीने विचारले, "आन् पुरा खेळलो तर?"

"तर बघू."

सामन्याच्या दिवशी पाहुण्यांची बस आली. एकसारखे पोशाख, खाली उतरल्या तेव्हा बाकडे भरून उरल्या एवढ्या मुली. आमच्या बाकड्यावर फक्त पाण्याची कळशी आणि पाच पिशव्या. कट्टा भरला होता, वर्गांच्या खिडक्या भरल्या होत्या. साईनाथराव पुढे खुर्ची टाकून बसले. पाड्यावरून भिमाही आला होता, कोपऱ्यात उभा होता.

सामना सुरू झाला आणि पाहुण्या मुली सरसर पुढे गेल्या. त्या दमल्या की बाहेर बसत आणि ताज्या मुली आत येत. आमच्या पोरींना बाहेर बसायची चैन नव्हती. पहिला अर्धा वेळ संपत आला असताना सोनालीचा पाय मुरगळला आणि ती उठेना. तिला उचलून बाकड्यावर बसवले. उरल्या चौघी.

या खेळात खेळाडूने धक्का दिला, हात मारला, की पंच चूक धरतात. अशा पाच चुका झाल्या की त्या खेळाडूला बाहेर जावे लागते. चौघींनी पाच जणींना अडवायचे म्हणजे हात लागणारच. दुसऱ्या अर्ध्यात शीतलची पाचवी चूक झाली. ती पाय आपटत बाहेर आली. शेवटचा भाग सुरू झाला आणि थोड्या वेळात भूमिकाही गेली. मैदानावर राहिल्या राही आणि स्नेहल. दोघी, समोर पाच जणी.

पाहुण्यांच्या प्रशिक्षक बाई चांगल्या होत्या. त्या मॅडमकडे येऊन हळू म्हणाल्या, "थांबवा आता. पोरींचे हाल होतायत. यात काही कमीपणा नाही."

मॅडमनी पंचांकडे पाहिले. पंच म्हणाले, "नियमाने दोघी उभ्या असतील तोवर सामना चालतो. एकच उरली तर संपला. तुम्ही ठरवा."

मॅडम म्हणाल्या, "मी नाही ठरवणार. त्यांना विचारा."

राही कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती. स्नेहलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण ती रडत नव्हती, दमली होती. राहीने तिला विचारले, "काय गो, बसायचं?"

"बसायला कुठं जागा हाय?" स्नेहल म्हणाली. "बाकडं भरलंय."

राही पंचांकडे वळली. "आमी नाय थांबत."

आता खरी अडचण ऐका. राहीच्या चार चुका आधीच झाल्या होत्या. आणखी एक झाली की ती बाहेर, स्नेहल एकटी, सामना तिथेच बंद. आणि सामना बंद झाला की दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे खांब उखडले जाणार. हे मैदानावरच्या सगळ्यांना ठाऊक होते. खुर्चीतल्या साईनाथरावांनाही.

बाकड्यावरून शीतल ओरडली, "राही, हात वर! नुसते हात वर!"

राहीने दोन्ही हात आकाशाकडे केले आणि तशीच खेळू लागली. पाहुण्या मुली तिच्या अंगावरून येत, ती समोर उभी राही, पण कोणाला स्पर्श करत नव्हती. चेंडू कड्यात पडत होता, तरी ती पुन्हा जाऊन उभी राहत होती. कट्ट्यावरची खो-खोवाली मुले कधी उभी राहिली ते कळलेच नाही. आता तीच ओरडत होती, "राही, हात वर!"

मग समोरच्या खांबाखाली ते घडले. पाहुण्यांची एक धिप्पाड मुलगी चेंडू घेऊन वेगाने आली. राही वाटेत पाय रोवून उभी होती, हात वर. ती मुलगी सरळ तिच्यावर आदळली. दोघी खाली पडल्या. शिट्टी वाजली.

 भिमा दोन पावले पुढे आला. चूक कोणाची? राहीची असेल तर सगळे संपले. पंचांनी क्षणभर दोघींकडे पाहिले आणि हात उलट दिशेला केला. चूक धडक देणारीची. चेंडू आमचा!

मी लोखंडाचा आहे, तरी सांगतो, माझे सगळे नटबोल्ट थरथरले. सगळे मैदान ओरडत होते म्हणून की आनंदाने, ते मला सांगता येणार नाही.

पुढे थोडाच वेळ उरला होता. पाहुण्या मुली जरा सैल झाल्या, सगळ्याच पुढे सरकल्या. त्यांनी टाकलेला एक आळशी पास राहीने मधल्यामध्ये पकडला. मान वर केली, तर माझ्याखाली स्नेहल एकटी उभी. राहीने सगळा जीव एकवटून चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून भिरकावला. तो स्नेहलच्या पुढे एकदा आपटला. तिने तो धरला, माझ्याकडे पाहिले आणि फळीवर हलकेच टेकवून कड्यात सोडला. मी कललेला आहे हे तिच्याएवढे कोणाला ठाऊक?

थोड्या वेळाने शेवटची शिट्टी झाली. आम्ही हरलो होतो, तेही सडकून. त्याबद्दल मी खोटे बोलणार नाही. पण ती शिट्टी झाली तेव्हा दोघी मैदानावर उभ्या होत्या. पाहुण्यांची ती धिप्पाड मुलगी आधी राहीकडे आली आणि तिने राहीचा हात हातात घेतला. भिमा लेकीजवळ आला.  त्याने खिशातला रुमाल काढून तिच्या कोपराला बांधला.

साईनाथराव उठले. जाता जाता म्हणाले, "शेवटी दोघीच उरल्या. याला टीम म्हणायचं का?"

बाकड्यावरून भूमिका उठली. कल्याणला तोंड झाकून पळालेली तीच भूमिका. "हो साहेब, म्हणायचं. आमच्या दोघींना हरवायला पाच जणी लागल्या."

साईनाथराव थांबले. मग खुर्ची उचलायला सांगून ते निघून गेले.

तुम्हाला वाटेल, आता सगळे गोड झाले. तसे होत नसते, मित्रांनो. ते 'बघू' म्हणाले होते, 'हो' म्हणाले नव्हते. थोड्याच दिवसांनी एक माणूस पांढऱ्या फक्कीची पिशवी घेऊन मैदानात आला. बसगाड्या कुठे उभ्या करायच्या, त्याच्या रेघा त्याला मारायच्या होत्या. सकाळची वेळ होती आणि मैदानात पोरी धावत होत्या. फक्त पाच नव्हेत. सामना बघायला खिडक्यांत बसलेल्या कितीतरी जणी आता खाली उतरल्या होत्या. नावे विचारता विचारता मॅडमचा घसा बसला होता.

तो माणूस कडेला उभा राहिला. कोणी खेळ थांबवला नाही. चेंडू त्याच्या पायाशी गेला, एका नव्या मुलीने तो उचलला आणि ती पुन्हा पळाली. "ओ ताई, थांबा की जरा," तो म्हणाला, "मला रेघा मारायच्यात."

राही त्याच्याजवळ गेली. "कशाच्या रेघा?"

"गाड्यांच्या."

"काका, आमच्या रेघा पुसल्यात बघा. त्या आधी मारू." तिने त्याच्या हातातून पिशवी घेतली. शीतल आणि स्नेहल पुढे आल्या. पोरींनी वाकून मैदानाची चौकट आखली, मधली रेघ आखली, माझ्यासमोरची आणि पहिल्यासमोरची रेघ आखली. पिशवी रिकामी झाली. राहीने ती नीट घडी करून त्याला परत दिली. तो माणूस हसला, डोके खाजवत गेला आणि परत आला नाही. बसगाड्या आता फाटकाबाहेर उभ्या राहतात. साईनाथराव रोज त्यांच्या मधून वाट काढत कॉलेजात येतात. अजून त्यांनी 'हो' म्हटलेले नाही. आम्ही त्यांच्या 'हो'साठी थांबलेलो नाही.

राही आता शेवटच्या वर्षाला आहे. माधुरी मॅडमना या वर्षीही तासिका तत्त्वावरच ठेवले आहे, आणि त्यांचा तास चालूच आहे. बाकड्यावर बदली खेळाडू बसतात आणि कधी आत जायला मिळते म्हणून कुरकुर करतात. ती कुरकुर मला फार गोड वाटते.

माझे वय झाले आहे. फळीला पोपडे आले आहेत, बुंध्याशी पुन्हा गंज धरू लागला आहे. म्हणून तुमच्याकडे थोडे मागतो. खांबाला मोटरसायकल टेकवू नका. कड्याला लोंबकळू नका. पाऊसकाळ सरला की नटबोल्ट आवळा, रंगाचा एक हात मारा. त्यासाठी कोणी शाबासकी देईल याची वाट बघू नका.

आणि तुमच्या शाळेत, कॉलेजात कोणी तुम्हाला सांगितले की तुमच्यासारख्यांना एकच खांब पुरे, तर त्यांचे ऐकून घेऊ नका. दुसरा मागा. नाही दिला, तर पहार उचला आणि उभा करा.